चालू कॉलमध्ये रेकॉर्डिंग ऐकवायचे आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चवथ जवळ आली की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो: फोन चालू असताना रेकॉर्ड केलेला आवाज पलीकडच्याला ऐकवायचा कसा? या खेपेस तो आरतीपुरता राहिलेला नाही. गाण्याच्या शिक्षिका, गेस्टहाऊसवाले, देवस्थान समिती, सगळ्यांनीच तो आपापल्या परीने विचारला आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : गेल्या चवथीची घरची घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीची) मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली आहे. मुलगा दुबईला असतो. त्याला फोन लावून त्याच मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केले, स्पीकर मोठा केला, तरी त्याला काही ऐकू येत नाही. मध्येच एखादा तुटका सूर पोचतो. यासाठी एखादे ॲप मिळेल का? (डिचोली)

उत्तर : ॲपच्या मागे लागू नका. सिमवरून केलेल्या कॉलमध्ये बाहेरच्या ॲपला आवाज सोडू देण्याची मुभा अँड्रॉइडमध्ये नाही आणि आयफोनमध्येही नाही. रूट न केलेल्या, म्हणजे कंपनीची कुलपे न तोडलेल्या, फोनवर हे करून दाखवतो म्हणणारे ॲप प्रत्यक्षात रेकॉर्डिंग स्पीकरवरच वाजवते. वाट मुळातच नाही असे मात्र नव्हे. गुगलच्या फोन ॲपमध्ये कॉल रेकॉर्डिंग सुरू केले की 'कॉल रेकॉर्ड होत आहे' ही सूचना दोन्ही बाजूंना ऐकू येते, म्हणजे आतून आवाज सोडता येतो. ती किल्ली फक्त फोन बनवणाऱ्यांनी स्वतःच्या ॲपकडे ठेवली आहे.

आता स्पीकर मोठा करूनही आवाज का जात नाही ते पाहू. स्पीकरवर बोलताना पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून फोनमध्ये इको कॅन्सलेशन असते. स्पीकरमधून काय बाहेर पडते आहे हे फोनला ठाऊक असते. माईकमधून तेच परत आत आले की तो ते वजा करतो. तुमची आरती त्याच स्पीकरमधून निघते, म्हणून तीही वजा होते. मुलाला ऐकू आलेला तुटका सूर म्हणजे वजाबाकीतून निसटलेला तुकडा.

दुसऱ्या फोनवर आरती लावली तर ही अडचण जाते, पण दुसरी पुढे येते. बहुतेक फोनना दोन माईक असतात. एक खाली, तोंडाजवळ. दुसरा वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्याशेजारी. जो आवाज दोन्हींना सारखाच ऐकू येतो तो लांबचा, म्हणजे गोंगाट, असे फोन धरून चालतो आणि तो दाबतो. टेबलावर हातभर अंतरावर ठेवलेल्या फोनची आरती म्हणूनच बसक्या आवाजात जाते. उपाय साधा आहे. कॉलवाल्या फोनचा स्पीकर बंद ठेवा. वाजवणाऱ्या फोनचा स्पीकर कॉलवाल्या फोनच्या खालच्या माईकपासून दोन ते पाच सेंटिमीटरवर आणा. आवाज निम्म्यावर ठेवा. पूर्ण आवाजाला छोटा स्पीकरच फाटतो आणि फाटलेला आवाज पुढे कुठेच सुधारत नाही. याहून बरे म्हणजे कॉलवाल्या फोनला तारेचा इअरफोन लावा आणि तारेवरचा बारीक माईक चिकटपट्टीने दुसऱ्या फोनच्या स्पीकरच्या जाळीवर बसवा. इअरफोन लावला की दोन माईकांची तुलनाच बंद होते, त्यामुळे निम्मा त्रास तिथेच संपतो.

इतके करूनही घुमटाचा घुमारा पोचेल अशी आशा धरू नका. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. घुमटाचा खालचा गंभीर नाद ३०० च्या खाली कापला जातो, कांसाळ्यांची झणझण ३४०० च्या वर. मध्ये उरतो तो आरती म्हणणाऱ्यांचा आवाज आणि घुमट-शामेळाची टपटप. एचडी कॉलमध्ये पट्टा ५० ते ७००० हर्ट्झ असतो, तिथे बरेच काही वाचते. पण परदेशी कॉल वाटेत अनेक कंपन्यांच्या हातून जातो आणि पुष्कळदा अरुंद पट्ट्यावरच उतरतो. शिवाय मोबाईलचे कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवणारे प्रोग्राम, माणसाच्या गळ्याचे गणित मांडून बनवलेले आहेत. दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात ते एक गळा आणि एक स्वरपट्टी शोधतात. दहा माणसे, चार घुमटे आणि टाळ्या एकदम आल्या की त्या गणिताचा काला होतो.

आमचे मत विचाराल तर आरतीची फाईल आधी पाठवून द्या. मुलाने ती हेडफोन लावून ऐकावी आणि फोन बोलण्यासाठी ठेवावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते. एकत्रच ऐकायची असेल तर झूमसारख्या ॲपवर स्क्रीन शेअर करताना 'शेअर साऊंड' चालू करा. तिथे आवाज माईकला वळसा घालून थेट जातो. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही २०२४ पासून स्क्रीनबरोबर आवाज जातो, पण अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल सहसा लागत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रश्न : मी फोनवरून गाणे शिकवते. मागे तानपुऱ्याचे ॲप लावले की विद्यार्थिनीला पहिले दोन-तीन सेकंद तानपुरा ऐकू येतो, मग नाहीसा होतो. माझा आवाज मात्र नीट जातो. (फोंडा)

उत्तर : नॉइज सप्रेशनचे, म्हणजे फोनमधल्या गोंगाट दाबणाऱ्या यंत्रणेचे, काम चोख चालू आहे, एवढाच याचा अर्थ. एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा, मोटार किंवा पाऊस, असे ते समजते. तानपुरा लागला की पहिले काही क्षण ते ऐकून घेते, हा आवाज बदलत नाही असे ठरवते आणि पुसून टाकते. बोलणे सतत चढते-उतरते म्हणून वाचते. हार्मोनियमचा एकच सूर धरून ठेवलात तर त्याचेही हेच होईल. पलटे वाजवलेत तर ते जातील.

सिमच्या कॉलमध्ये हे बंद करण्याचे बटण बहुतेक फोनमध्ये नसते. आयफोनवर 'व्हॉइस आयसोलेशन' निवडलेले असेल तर ते 'स्टँडर्ड'वर आणा, थोडा फरक पडतो. शिकवणीसाठी झूम वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि त्याखालचे इको कॅन्सलेशन बंद करा. मग मात्र दोन्हीकडे हेडफोन हवेतच, नाहीतर आवाज फिरून परत येईल.

पण तानपुरा मुळात तिकडे का पाठवायचा? कॉलमध्ये आवाज पोचायला आणि परत यायला सेकंदाचा काही अंश लागतोच. तुमच्या तानपुऱ्यावर ती गायली तर तिचा सूर तुम्हाला उशिरा ऐकू येणार, ताल तर जुळणारच नाही. तिच्या खोलीत, तिच्या दुसऱ्या फोनवर त्याच पट्टीचा तानपुरा लावायला सांगा. तो तिला उत्तम ऐकू येईल. तुमच्यापर्यंत नाही आला तरी बिघडत नाही.

प्रश्न : स्थानिक बातम्यांच्या चॅनेलसाठी फोनवर मुलाखती घेतो. पाहुण्याला जुन्या भाषणाचा तुकडा ऐकवून प्रतिक्रिया घ्यायची असते. लॅपटॉपचा आवाज तारेने थेट फोनमध्ये घालता येईल का? सोल्डरिंग येते. (म्हापसा)

उत्तर : येईल, आणि सिमच्या कॉलसाठी हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आवाज हवेतून न नेता माईकच्या तारेवर द्यायचा. मात्र लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून साधारण अर्धा व्होल्ट निघतो आणि फोनला इअरफोनच्या माईकमधून दहा-एक मिलिव्होल्टची सवय असते. थेट जोडलात तर पलीकडे नुसती करकर ऐकू येईल. शिवाय फोन माईकच्या तारेवर स्वतःचा दोनेक व्होल्ट डीसी सोडतो. तो लॅपटॉपकडे जाता कामा नये.

सुटे भाग : १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १०० ओहमचा एक, १ किलोओहमचा एक, २.२ किलोओहमचा एक, १ मायक्रोफॅरडचा ध्रुव नसलेला कपॅसिटर, लॅपटॉपसाठी तीन पट्ट्यांचा ३.५ मिलिमीटर प्लग आणि फोनसाठी चार पट्ट्यांचा.

जोडणी अशी. लॅपटॉपच्या डाव्या आणि उजव्या तारेवर प्रत्येकी १० किलोओहम लावून दोघांची दुसरी टोके एकत्र आणा. त्या जोडापासून ग्राउंडला १०० ओहम. त्याच जोडापासून कपॅसिटर, त्याच्या पुढे १ किलोओहम, आणि तिथून फोनच्या माईकच्या पट्टीला. शेवटी माईकच्या पट्टीपासून ग्राउंडला २.२ किलोओहम. यात आवाज सुमारे १०० पटींनी, म्हणजे ४० डेसिबलने उतरतो. बाकीचे लॅपटॉपच्या आवाजाच्या पट्टीवर जमवा, सुरुवात ३० टक्क्यांपासून करा.

हा २.२ किलोओहम शोभेचा नाही. प्लग घातल्यावर फोन माईकच्या तारेवरचा रोध मोजतो. तो १ किलोओहमच्या वर असेल तरच 'हा माईक' असे मानतो. अँड्रॉइडच्या हेडसेटमध्ये ७० ओहमच्या आतला रोध म्हणजे मधले बटण, २१० ते २९० म्हणजे आवाज वाढवा, ३६० ते ६८० म्हणजे कमी करा. कपॅसिटर आणि १ किलोओहम वगळून १०० ओहमचा जोड सरळ माईकवर आणलात तर फोनला कुणीतरी बटण दाबून बसल्यासारखे वाटते. मग ऐन मुलाखतीत कॉल कटतो किंवा आवाजी मदतनीस जागा होतो.

चार पट्ट्यांचा क्रम हल्लीच्या फोनमध्ये टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड, माईक असा असतो. काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलट असतात. तिथे हेडसेट ओळखलाच जात नाही किंवा आवाज पोकळ येतो. फोनला गोल पिनची जागाच नसेल तर यूएसबी-सीचा डोंगल घ्या, पण माईक चालणारा. स्वस्तातले पुष्कळ डोंगल फक्त ऐकण्यापुरते असतात. दुकानातच साधा माईकवाला इअरफोन लावून, कुणाला तरी फोन करून बघा.

पाहुण्याचे बोलणे ऐकायला माईक आणि हेडफोन वेगळे करणारा वाय-स्प्लिटर लावा: एका पायात हेडफोन, दुसऱ्यात ही जोडणी. तिच्या प्लगवर माईकचे टोक मग वायच्या सॉकेटप्रमाणे बदलेल, मल्टिमीटरने तपासून घ्या. तुम्हाला स्वतः बोलायचेही असेल, आणि मुलाखतीत ते असतेच, तर माईक आणि लॅपटॉप दोन्ही छोट्या मिक्सरमध्ये घालून त्याचा आउटपुट या जोडणीला द्या. एकच पथ्य: पाहुण्याला परत जाणाऱ्या मिश्रणात त्याचा स्वतःचा आवाज नको. याला मिक्स-मायनस म्हणतात. पॉडकास्टसाठी मिळणाऱ्या काही मिक्सरमध्ये फोनची स्वतंत्र वाहिनी असते आणि हे आपोआप होते. ते परवडत असेल तर वरचे सगळे सोल्डरिंग विसरा.

बिघाड ओळखायच्या खुणा. सतत घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने थांबला तर तो ग्राउंडमधून येतो आहे. बॅटरीवर चालवा किंवा मध्ये ६०० ओहमचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकून दोन्हीकडची ग्राउंड वेगळी ठेवा. टर्र-टर्र असा तुटक आवाज आला तर फोन टू-जीवर उतरलेला आहे. सत्तरीच्या डोंगरपट्ट्यात हे होते. तेव्हा फोनच्या प्रक्षेपणाची २१७ हर्ट्झची धडधड उघड्या तारेत शिरते. तार आखूड आणि जाळीच्या आवरणाची घ्या. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. प्लग हलवला की खरखर होत असेल तर सोल्डरिंगला दोष देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसा.

प्रश्न : तोच प्रकार संगणकावरच्या कॉलमध्ये तारेशिवाय करायचा आहे. (मडगाव)

उत्तर : विंडोजवर वीबी-केबल, मॅकवर ब्लॅकहोल. दोन्ही संगणकात खोटी तार टाकतात. विंडोजवर ऑडिओ वाजवणाऱ्या प्रोग्रामचा आउटपुट 'केबल इनपुट' निवडा आणि कॉलच्या ॲपमध्ये माईक म्हणून 'केबल आउटपुट' (मॅकवर दोन्हीकडे 'ब्लॅकहोल'). नावे उलटी वाटतात, पण तारेच्या बाजूने विचार केला की बरोबर आहेत. कॉलच्या ॲपचा स्पीकर मात्र खऱ्या हेडफोनवरच ठेवा. तोही केबलवर टाकलात तर पलीकडच्याला स्वतःचे बोलणे परत ऐकू येईल. दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८००० ठेवा, तो वेगळा असला तर कधी कधी टकटक येते. ॲपमधले नॉइज सप्रेशन बंद करा. बोलणे आणि रेकॉर्डिंग एकत्र पाठवायला वीबी-केबल बनवणाऱ्यांचेच व्हॉइसमीटर आहे.

प्रश्न : मांद्रेला आमचे छोटे गेस्टहाऊस आहे. मोपा विमानतळावरून किंवा थिवी स्टेशनवरून कसे यायचे हे सांगून घसा बसतो. फोन उचलल्यावर रेकॉर्डिंग लावता येईल का? (पेडणे)

उत्तर : मोबाईलवर नाही, त्यासाठी आयव्हीआर, म्हणजे आपोआप कॉल उचलून रेकॉर्डिंग ऐकवणारी सेवा, घ्या. ती सेवा देणाऱ्या कंपन्या वेगळा नंबर देतात. त्यावर आलेला कॉल आधी तुमचे रेकॉर्डिंग ऐकवतो, मग '१ दाबा' म्हणून तुमच्या मोबाईलवर वळतो. एक युक्ती कॉन्फरन्सची आहे: पाहुण्याशी बोलता बोलता आयव्हीआरच्या नंबरला दुसरा कॉल लावून दोन्ही जोडायचे. रेकॉर्डिंग नेटवर्कमधूनच येत असल्याने स्वच्छ ऐकू जाते.

खरी मेहनत रेकॉर्डिंगवर घ्या. कौलांवर पाऊस पडत असताना किंवा पंख्याखाली करू नका. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभे राहून बोला. फाईल मोनो, ८००० हर्ट्झ, १६ बिटची वेव्ह करा. ३०० च्या खालचे आणि ३४०० च्या वरचे स्वतःच कापा, कारण ते जाणारच नाही. उगाच ठेवले तर आवाज मातकट होतो. सर्वांत वरचे शिखर उणे ६ डेसिबलवर ठेवा. पहिला एक सेकंद शांतता सोडा, कारण कॉल जोडताना पहिला शब्द कापला जातो. नाहीतर 'मोपाहून डावीकडे' मधले मोपाच गायब व्हायचे. एकूण पंचवीस सेकंदांच्या आत संपवा, आणि 'लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवले आहे' हे वाक्य शेवटी न टाकता सुरुवातीला टाका. होल्डवर सिनेमाचे गाणे लावायचा मोह आवरा. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो आणि धंद्यासाठी ते वापरायला परवाना लागतो.

प्रश्न : जत्रेची वेळ बदलली की सगळ्या महाजनांना (देवस्थानच्या सभासदांना) कळवायचे असते. एका सिमवरून ओळीने कॉल लावून रेकॉर्डिंग ऐकवणारे यंत्र घेऊ का? (काणकोण)

उत्तर : नको. साध्या दहा आकडी नंबरावरून धडाधड एकाच प्रकारचे छोटे कॉल जाऊ लागले की टेलिकॉम कंपनीची यंत्रणा ते हेरते. तुम्ही जाहिरात करत नसलात तरी यंत्राला जत्रा आणि जाहिरात यातला फरक कळत नाही. त्यात दोघा-चौघांनी तक्रार केली की सिम अडकते, आणि तेही नेमके जत्रेच्या तोंडावर. व्यापारी कॉलसाठी दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम आहेत: आधी नोंदणी, आणि जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच. ऑटो डायलर वापरायचा तर कंपनीला आधी कळवावे लागते. तुमचा संदेश व्यापारी नसला तरी नोंदणीकृत सेवेकडूनच पाठवा, प्रत्येक महाजनाची लेखी संमती यादीबरोबर ठेवा आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये देणगीचे आवाहन घुसडू नका. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचे नाव त्यात आले तर प्रचाराच्या ध्वनिसंदेशाला माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरी लागते, हे समितीतल्या उत्साही मंडळींना सांगून ठेवा.

महाजनांची संख्या दोन-तीनशे असेल तर वाड्यावाड्यात एक माणूस नेमून फोन करवणे आम्हाला अजून बरे वाटते. म्हाताऱ्या माणसाला 'पालखी किती वाजता निघणार?' असे उलट विचारायचे असते.

प्रश्न : घरच्या लँडलाईनवर रेकॉर्डिंग कसे सोडू? (वास्को)

उत्तर : भिंतीवरच्या दोन तारांना हात लावू नका. त्यांवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असते आणि घंटा वाजताना ७५ ते ९० व्होल्ट एसी. रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरचा चार पिनांचा प्लग काढा. त्यात सहसा मधल्या दोन पिना कानाच्या, बाहेरच्या दोन माईकच्या. म्हापशाच्या वाचकांना सांगितलेली जोडणी बाहेरच्या दोन पिनांवर चालते. माईक इलेक्ट्रेट आहे की जुना कार्बनचा, हे आधी पाहा; कार्बनच्या फोनला ती चालणार नाही. आणि जूनच्या सुरुवातीच्या गडगडाटात लॅपटॉप लँडलाईनला जोडून ठेवू नका.

प्रश्न : उलट बाजूने विचारतो. 'ट्रायकडून बोलत आहोत, तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, ९ दाबा' असा रेकॉर्ड केलेला कॉल आला. खरा का? (साखळी)

उत्तर : खोटा. ट्राय कुणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. ९ दाबले की पुढे जिवंत माणूस येतो आणि 'डिजिटल अटक' (पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावणे) वगैरे सुरू होते. रेकॉर्डिंग ओळखायचे तर वाक्याच्या मध्येच तोडून प्रश्न विचारा. ते न थांबता पुढे बोलत राहते. आता मात्र संगणकाने बनवलेले आवाज उत्तरेही देतात, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. कॉल कापा, नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करा; जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत फुटतात.